उसन्या चालीचा इतिहास

गोदाकाठच्या या व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत नाना विषय होऊन गेले. त्या मानाने आमचा आजचा विषय फारच हलका वाटेल. घरच्या संगणकावर एखादे जुने गाणे घ्यायचे, ते तोडायचे, त्याच्याखाली नवा ठेका घालायचा आणि पुन्हा जोडायचे, या उद्योगाला आपल्याकडे लहानथोर सगळे ‘रीमिक्स’ म्हणतात. हा पोरांचा खेळ, आणि त्याचा इतिहास सांगायला कामगार चळवळीतला माणूस कशाला उभा राहिला, असे कुणी विचारील. त्यावर आमचे उत्तर एवढेच की गाणे आकाशातून पडत नाही. ते कुणीतरी लिहितो, कुणीतरी त्याला चाल बांधतो, कुणीतरी गातो, आणि कुणीतरी मागे बसून ढोलकी वाजवतो. जेथे चार माणसांचे हात लागतात तेथे मजुरीचा प्रश्न येतो. आणि मजुरीचा प्रश्न आला की आम्हांला बोलण्याचा अधिकार पोचतो.

एक गोष्ट आरंभीच बाजूला काढून ठेवतो. अनंत चतुर्दशीला वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली की खिडक्यांची तावदाने हादरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडते, ही तक्रार खरी आहे. तिच्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहाची मर्यादा आहे, पोलीस आहेत. पण मोठा आवाज हा एक प्रश्न आणि उसने गाणे हा दुसरा. दोहोंची गाठ मारली की विचार होत नाही, नुसता त्रागा होतो. कीर्तनसुद्धा कर्ण्यावर लावले की तितकेच छळते.

उसनवारी ही आपल्या गाण्याला नवी नाही. जात्यावरच्या ओवीला मालक नव्हता. जिच्या हातात खुंटा तिची ओवी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांतल्या पदांच्या चाली सगळ्याच काही त्यांनी नव्याने रचल्या नव्हत्या. कीर्तनातली साकी-दिंडी, लावणी, कानडी मुलखातली पदे, जे लोकांच्या कानांवर होते ते त्यांनी घेतले आणि त्यावर आपले शब्द चढवले. पुढे १९११ साली ‘मानापमाना’साठी गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली दिल्या. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालातल्या चिजा मराठी पदांखाली आणून बसवल्या. आज ज्या गृहस्थांना रीमिक्स म्हटले की शिसारी येते, तेच नाट्यगीत लागले की डोळे मिटून डोलतात. त्यांनी डोलावेच, आम्हीही डोलतो. फक्त त्या पदाखालची बंदिश मूळची कुणा उस्तादाची होती आणि तिच्यावर पुढे तिकिटे लागली, एवढे ध्यानात असू द्यावे.

मात्र त्या उसनवारीत एक सचोटी होती. जुन्या संगीत नाटकाचे छापील पुस्तक उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर एक बारीक ओळ असते: चाल, आणि पुढे मूळ पदाचे पहिले दोन शब्द. मेळ्यांच्या, जलशांच्या, शाहिरांच्या स्वस्तातल्या चोपड्यांतही हीच रीत. ही ओळ काही कुणाचे आभार मानायला छापलेली नसे. स्वरलिपी चारचौघांना येत नव्हती, तेव्हा गाणाऱ्याला चाल कळावी कशी, तर अशी. पण तिच्यात आपोआप कबुली पडून जाई की ही चाल आमची नव्हे, अमक्याची आहे. गाण्याच्या पायथ्याशी दुसरे नाव असे. अभंगाच्या शेवटच्या चरणात संताची नाममुद्रा, पोवाड्याच्या शेवटी शाहिराची. डोक्यावर चालीचे मूळ, पायाशी शब्द करणाराचे नाव. आम्हां कारखान्यातल्या माणसांच्या भाषेत बोलायचे तर गाणे आपला हजेरीपट अंगावरच घेऊन फिरत होते.

आमच्या नाशिकाने या कामात बरेच काही केले आहे. कवी गोविंद हे आधी लावण्या रचणारे. मित्रमेळ्याच्या संगतीत ते स्वातंत्र्याच्या गीतांकडे वळले, पण हात लावणीवर घडलेलाच राहिला. ती गीते छापल्याबद्दल १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमान पाहावे लागले. गाणी एकाची आणि शिक्षा प्रकाशकाला! तेव्हा गाण्याची मालकी कुणाची हा प्रश्न सरकारला पडला नव्हता. गुन्ह्याची मालकी कुणाची एवढाच पडला होता. असो.

दुसरे नाव वामनदादा कर्डकांचे. सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे त्यांचे गाव, जन्म १९२२ चा. पोटासाठी मुंबईला गेले, गिरणीत राबले, मिळेल ती अंगमेहनत केली, आणि अक्षरओळख झाली ती मोठेपणी. १९४३ साली त्यांनी रचलेले पहिले गाणे हे एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते, असे सांगतात. ज्या माणसाची गाणी पुढे आंबेडकरी चळवळीने गावोगाव गायिली, त्याने पहिला धडा उसन्या चालीवर गिरवला, यात आम्हांला कमीपणा दिसत नाही. कामगाराला घरी पेटी नसते, गुरू नसतो. त्याच्याजवळ कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या रेडिओवर ऐकलेली चाल असते. तेच त्याचे भांडवल. वामनदादा २००४ साली गेले. त्यांच्या गीताच्या शेवटच्या ओळींत ‘वामन’ हे नाव येते, आणि ते गाणारा कुणीही असो, त्याला ते नाव उच्चारावेच लागते. ही नाममुद्रेची करामत. तोंडी गाण्यात मजूर पळून जाऊ नये म्हणून पूर्वजांनी मारलेली ती गाठ आहे.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, त्याचा वारसा आमच्यासारख्या लहान कार्यकर्त्यांपर्यंत झिरपत आला. सातपूरच्या गेटसभांत आम्ही बोनसावरची, कंत्राटदारावरची गाणी सिनेमाच्या चालींवर म्हटली आहेत. चाल माहितीची असली की ओळ दुसऱ्यांदा म्हणताना पाचशे माणसे साथीला येतात. नवी चाल शिकवीत बसलो तर पाळी सुटून लोक घरी जातील!

आता या सगळ्या जुन्या उसनवारीत एक गोष्ट कधी बदलली नाही, आणि आमच्या मते सगळा इतिहास तिच्यापाशी येऊन थांबतो. चाल उसनी घेतली तरी गळा नवा लागे. हात नवा लागे. ‘सौभद्र’ शंभर गावी झाले तर शंभर वेळा तबलजीला बसावे लागे आणि शंभर वेळा त्याची बिदागी द्यावी लागे. उसनी होती ती कल्पना. मेहनत रोखीची होती.

ध्वनिमुद्रिका आली आणि हे मोडले. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि त्याने गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरवून घेतला. तीन मिनिटांची ती गाणी. त्या काळच्या तबकड्यांत गाणे संपताच गाणारी बाई घाईघाईने आपले नाव सांगते. तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिराला हा आवाज कुणाचा हे कळावे म्हणून ही युक्ती होती, असे म्हणतात. कारण काही का असेना, नाममुद्रा यंत्राच्या पोटात शिरली. मात्र मागे सारंगी कुणी वाजवली हे कुणी ओरडून सांगितले नाही. एकदा वाजवले, पैसे घेतले, घरी गेला. पुढे ती तबकडी दहा वर्षे वाजो की शंभर.

या घावाची खरी जाणीव प्रथम झाली ती अमेरिकेतल्या वादकांना, आणि त्यांनी जे केले ते आम्ही कामगारांच्या अभ्यासवर्गांत नेहमी सांगतो. तिकडे हॉटेलांतून, नाचघरांतून वादकांचे ताफे असत. रेडिओ आणि पैसे टाकून वाजणारी तबकड्यांची पेटी आल्यावर एकेक ताफा घरी बसू लागला. गंमत अशी की त्याला घरी बसवणारी तबकडी त्यानेच वाजवलेली होती. वादकांच्या महासंघाचा अध्यक्ष होता जेम्स पेट्रिलो, शिकागोचा, स्वतः तुतारी वाजवणारा. त्याने १ ऑगस्ट १९४२ पासून आपल्या सभासदांना ध्वनिमुद्रणच बंद करायला लावले. महायुद्ध चालू, वर्तमानपत्रे शिव्या घालीत होती, सरकार दटावीत होते. कंपन्यांनी गायकांना वाद्यांशिवाय गायला लावून पाहिले, कारण गायक त्या संघटनेत नव्हते. अखेर १९४३ च्या सप्टेंबरात डेक्का कंपनी नमली आणि १९४४ च्या नोव्हेंबरात उरलेल्या दोन बड्या कंपन्या नमल्या. ठरले असे की विकलेल्या तबकडीमागे थोडी रक्कम संघटनेच्या निधीत जमा व्हावी, आणि त्या निधीतून बेकार वादकांनी लोकांसाठी फुकट कार्यक्रम करावेत. यंत्र थांबवता आले नाही. यंत्राच्या कमाईत मजुराचा वाटा लागला. पुढे १९४७ सालच्या कायद्याने संघटनेच्या हातून तो निधी काढला, पण एका विश्वस्त मंडळाच्या रूपाने तो टिकला.

आपल्याकडे असे झाले नाही. मुंबईच्या चित्रपट वादकांची संघटना होती आणि आहे, पण वादकाला पाळीवर पैसे मिळत. गाणे गाजले म्हणून मागे व्हायोलिन वाजवणाऱ्या गोव्याच्या माणसाला पुन्हा दमडी मिळाली नाही. १९६० नंतर काही वर्षे लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांनी एकत्र गाणे सोडले होते, हे पुष्कळांना आठवत असेल. त्या भांडणाचे मूळ गायकांना रॉयल्टी असावी की नसावी यात होते. एवढे मोठे गळे, आणि त्यांचेही त्यावर एकमत होईना. तिथे ढोलकीवाल्याला कोण विचारतो?

मग कॅसेट आली. आमच्या पिढीचे तारुण्य तिच्यात गेले. सीबीएसजवळच्या टपऱ्यांवर आपण गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि दुकानदार कोऱ्या कॅसेटवर ती भरून द्यायचा. हवी तेवढी गाणी, हव्या त्या क्रमाने. घरच्या घरी गाण्यांशी खेळ करण्याची चटक तिथे लागली. कॅसेटने एक मोठे पुण्य केले: ध्वनिमुद्रण बड्या कंपनीच्या हातून सुटले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज चाळीचाळींत, वस्तीवस्तीत पोचले. भारतातल्या या कॅसेटयुगावर पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९९३ साली मोठा ग्रंथ लिहिला आहे.

त्याच काळात ‘व्हर्जन’ गाणी आली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक फट होती. मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षे झाली की सूचना देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणे दुसऱ्याला नव्याने मुद्रित करता येई. दिल्लीच्या गुलशन कुमारांनी या फटीतून आख्खी गाडी नेली. लोक त्याला नक्कल म्हणत. आमचे मत थोडे निराळे आहे. नक्कल असली तरी नव्या गायकाला, नव्या वादकाला पुन्हा बसावे लागले, पुन्हा पाळी लागली. १९९४ साली विलायतेतल्या बॅली सागूने जुन्या हिंदी गाण्यांना नव्या ठेक्याचे अंगडे चढवले आणि २००२ साली ‘कांटा लगा’ आले. मूळ गाणे १९७२ च्या ‘समाधी’ चित्रपटातले, राहुल देव बर्मन यांच्या संगीताचे. नव्या फितीत नाव झाले ते तिच्यावर नाचणाऱ्या मुलीचे. तेव्हा सभ्य लोक मुलीच्या कपड्यांवर तुटून पडले. ढोलकच्या मजुरीबद्दल एक अग्रलेख आम्ही वाचला नाही.

आता संगणक. १९९० नंतरच्या दशकात ‘कूल एडिट’ आणि बेल्जियममधले ‘फ्रूटी लूप्स’ असे कार्यक्रम निघाले. १९९९ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ‘ऑडॅसिटी’ करायला घेतले आणि २००० च्या मे महिन्यात ते सर्वांना फुकट देऊन टाकले. फुकट हा शब्द महत्त्वाचा. रेकॉर्डिंग स्टुडिओत तासाला पैसे मोजावे लागत. आता जुना संगणक असलेल्या कुठल्याही खोलीचा स्टुडिओ झाला.

आम्ही हे काम एका तरुणाजवळ बसून पाहिले आहे. सातपूरच्या कामगार वसाहतीतला मुलगा, दिवसा कंत्राटी कामगार म्हणून प्रेसशॉपमध्ये, रात्री हे. पडद्यावर गाणे डोंगररांगेसारखे दिसते. थाप पडली तिथे शिखर, श्वास घेतला तिथे दरी. शिखरापासून शिखरापर्यंत तो तुकडा निवडतो, कापतो आणि एकामागे एक आठ वेळा चिकटवतो. याला लूप म्हणतात, आपण आवर्तन म्हणू. प्रेसवर एकच साचा हजार पत्रे कापतो तसे हे. कापताना सुरी शिखराच्या पायथ्याशीच पडली पाहिजे. केसभर इकडेतिकडे झाली की दर आवर्तनाला ‘टक्’ असा आवाज येतो. नवशिक्याची ओळख त्या टक् वरून पटते. मग खर्ज वाढवायचा, थोडा घुमारा घालायचा, शेवट हळूहळू विझवायचा.

गाण्यातून गळा काढून टाकायची जुनी युक्ती त्याने आम्हांला समजावून सांगितली. दोन कर्ण्यांच्या मुद्रणात गायकाचा आवाज बहुधा मध्यभागी, म्हणजे दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो. एका बाजूतून दुसरी वजा केली की जे सारखे ते उडून जाते आणि बाजूची वाद्ये उरतात. पण पन्नास-साठ सालची गाणी एकाच वाटेने मुद्रित झालेली. तिथे दोन्ही बाजू अगदी सारख्या, म्हणून वजाबाकी केली की हाती शून्य. जुन्या गाण्यांनी असे स्वतःला बरीच वर्षे राखले. २०१९ च्या नोव्हेंबरात डीझर या फ्रेंच कंपनीने ‘स्प्लीटर’ नावाचा कार्यक्रम फुकट सोडला आणि तो गडही पडला. गळा वेगळा, तालवाद्ये वेगळी, बाकीचे वेगळे, असे आता यंत्र आपणच शिकून निवडून देते.

त्याची एक अडचण मात्र आम्हांला फार आवडली. संगणकाचा ठेका घड्याळासारखा चालतो. जुन्या गाण्यातला ढोलकीवाला तसा चालत नाही. अंतऱ्याला किंचित चढतो, ध्रुवपदावर येताना बसतो. त्यामुळे दोन मिनिटांनी गाणे आणि नवा ठेका यांची फारकत होते. मग हा मुलगा गाणे इंचाइंचाने ताणून किंवा आखडून सरळ करतो. तो म्हणाला, “काका, जुन्या गाण्यांत ताल वाकडा असतो.” आम्ही म्हटले, बाबा रे, तो वाकडेपणा म्हणजेच तो माणूस. तेवढीच त्याची सही शिल्लक आहे, आणि तू रात्रभर बसून ती पुसतो आहेस. त्याने हसून पुढचा तुकडा ताणला. त्याचेही बरोबर होते. नाचणाऱ्यांचे पाय सहीवर पडत नाहीत.

त्याच्या गाण्यांत दर अर्ध्या मिनिटाला एक घोगरा आवाज त्याचे नाव पुकारतो. सगळेच डीजे असे करतात. गाण्याच्या डोक्यावरची चालीची ओळ गेली, पायाची मुद्रा कापली गेली, आणि मध्येच ही नवी मुद्रा आली, कापणाराची! हा मुलगा आमच्याकडे आला होता तोही याच कारणाने. मिरवणुकीसाठी त्याने चार रात्री जागून केलेले एक मिश्रण दुसऱ्या कुणा बड्याने उचलले, त्याचे नाव पुसले, आपले घातले आणि ते गावभर वाजवून पैसे केले. त्याला न्याय हवा होता; कामगारांचे भांडण भांडणारे आम्ही, म्हणून आमच्याकडे. आम्ही त्याचे ऐकून घेतले आणि विचारले, त्या गाण्यात ढोल कुणाचा आहे? म्हणाला, “तो? तो नाशिक ढोलचा लूप आहे. सगळ्यांकडे असतो.”

सगळ्यांकडे असतो, हे अक्षरशः खरे आहे. आमच्या गावाचे नाव घेऊन हा ढोल फार लांब गेला. केरळात उत्सवांना ‘नासिक ढोल’ या नावाची पथके असतात, मंगळुराकडेही असतात. जिवंत पथके आहेत तोवर आम्हांला त्याचा अभिमानच आहे, कारण तिथे कुणी मल्याळी पोरगा गळ्यात ढोल अडकवतो आणि त्याचे पैसे घरी नेतो. पण संगणकातला नाशिक ढोल म्हणजे कधीतरी कुण्या एका पथकाने वाजवलेली काही सेकंदे. टिपरू कुणाच्या हातात होते, ताशावर कोण होते, तो पंचवटीतला होता की खेड्यावरचा, कुठेही लिहिलेले नाही. गावाचे नाव राहिले, माणसाचे गेले.

हे आपल्याच नशिबी आले असे नाही. १९६९ साली वॉशिंग्टनच्या ‘द विन्स्टन्स’ या ताफ्याने ‘आमेन, ब्रदर’ नावाचे गाणे मुद्रित केले. त्यात मध्ये सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन नावाचा ड्रमवादक सहा-सात सेकंद एकटा वाजवतो. ते सहा-सात सेकंद पुढच्या काळात हजारो गाण्यांत कापून घातले गेले; इंग्लंडात त्यावर नाचगाण्याचा एक आख्खा प्रकार उभा राहिला. कोलमनला त्याचे काही मिळाले नाही. तो २००६ साली दारिद्र्यात, बेघर अवस्थेत वारला. २०१५ साली काही इंग्रज डीजेंनी वर्गणी काढली आणि सुमारे २४,००० पौंड ताफ्याचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सर याच्या हाती दिले. वाजवणारा तोवर नऊ वर्षे मातीखाली होता.

कायदा काय म्हणतो तेही सांगितले पाहिजे. १९९४ च्या दुरुस्तीने आपल्याकडे प्रयोग करणाऱ्या कलावंताचा हक्क प्रथम मानला. कायद्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तीत नट, गायक, वादक, नर्तक आहेत, डोंबारी आणि जादूगार आहेत, गारुडी आहे, आणि व्याख्यान देणारा माणूसही आहे! म्हणजे या क्षणी आम्ही आणि गारुडी एका वर्गात आहोत, आणि आपल्यापैकी काहींना त्यात नवल वाटणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातल्या रॉयल्टीवर कलावंताचा हक्क सांगितला आणि त्याचे नाव लावले जाण्याचाही हक्क दिला. जुने गाणे नव्याने मुद्रित करायला आता दोनऐवजी पाच वर्षे थांबावे लागते, आणि मूळ मुद्रण कापून वापरायचे तर मालकाची परवानगी लागते. ध्वनिमुद्रणाची ही मालकी प्रकाशनानंतर ६० वर्षे चालते. पण याच दुरुस्तीत एक पाचर आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आणि ज्याचे नाव धंद्याच्या रिवाजाप्रमाणे श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला कलावंत धरायचे नाही. आपल्या कामाची मोडतोड झाली तर हरकत घेण्यापुरतेच त्याला धरायचे. वाचून पाहा. नाव नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव लावायचे कारण नाही. मस्टरवर नाव न चढवता राबवून घेतलेल्या हंगामी कामगाराची हीच कहाणी आम्ही तीस वर्षे कामगार न्यायालयात मांडीत आलो आहोत.

काहींचे म्हणणे, हे सगळे रीमिक्स बंद करा. त्यांना आम्ही वामनदादांकडे बोट दाखवतो. पेटी-गुरू नसलेल्या मुलाच्या हाती आलेले हे हत्यार आहे. ते काढून घेणे म्हणजे पुन्हा गाणे पैसेवाल्यांच्या स्टुडिओत कोंडणे. दुसरे म्हणतात, कला सगळ्यांची, हिशेब कसला मागता? असे म्हणणारा बहुधा स्वतःची बिदागी आगाऊ घेतो. आमचा झुकाव पेट्रिलोकडे आहे. तुकडा कापा, पण हजेरीपटावर नाव चढू द्या आणि कमाई झाली तर वाटा निघू द्या. नाशिकच्या ढोलपथकांनी एवढे तरी आजपासून करावे: कुणी मुद्रण करायला आले की तारीख, जागा, वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि ‘पुढील वापरासाठी वेगळा मोबदला’ ही ओळ कागदावर घ्यावी, दोन प्रती कराव्यात, एक आपल्याजवळ ठेवावी. वकील लागत नाही. शाळेच्या वहीचे पान पुरते.

त्या मुलाचे भांडण आम्ही त्या बड्या माणसापर्यंत नेले. पैसे निघाले नाहीत, नाव मात्र परत लागले. त्यानंतर तो आपल्या गाण्यांच्या फायलींत, तपशिलासाठी जो रकाना असतो त्यात, एक ओळ भरू लागला आहे. आम्ही त्याला सौभद्राचे जुने पुस्तक दाखवले होते, तिथून त्याने ती उचलली. मूळ गाणे अमुक, चित्रपट अमुक, साल अमुक, गायिका अमुक, संगीत अमुक. शेवटी ‘ढोलकी’ असे लिहून तो पुढे जागा कोरी सोडतो. परवा त्याने आम्हांला तशा अकरा फायली दाखवल्या. त्यांपैकी एकीत ती जागा भरलेली होती. मुंबईतल्या एका म्हाताऱ्या वादकाला फोन करून त्याने ते नाव मिळवले होते.